लाल मण्याचं गणित

लहान मुलाला न्यूमोनिया झालाय की नाही हे ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, एक्स-रेही लागत नाही. मूल शांत असताना अंगातलं झबलं वर करायचं, पोटाकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ, दोन महिने ते वर्षाचं असेल तर पन्नास, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. खोकणाऱ्या मुलाचे श्वास या आकड्याला टेकले किंवा त्याच्या वर गेले, तर न्यूमोनिया धरून चालायचं आणि वेळ न घालवता औषध सुरू करायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर दुखणं आणखी पुढे गेलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना घालून दिलेला हा नियम आहे. वाचता वाचता पाठ व्हावा इतका सोपा.

गडचिरोलीच्या खेड्यांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच रीत गावच्या दायांना शिकवायची ठरली, तेव्हा घोडं भलतीकडेच अडलं. दाई अनुभवी, घराघरांत तिचा वावर, आणि बाळ आजारी पडलं की पहिली हाक तिलाच. पण तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पन्नासपर्यंत न चुकता मोजणं तिला जमेना, आणि मिनिट संपलं हे कळायला हातात घड्याळही नव्हतं.

डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. मिनिटभरात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या जोडीला ओवलेले मणी, बाकी काही नाही. घड्याळ उलटं करायचं, श्वास मोजायला लागायचं, दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. वयानुसार मण्यांच्या ओळी दोन. दहापर्यंत मोजता आलं की झालं, आणि बाजारात दहा वांगी मोजून घेणाऱ्या बाईला तेवढं येतंच.

हा काही जुगाड नव्हे. डॉक्टरच्या डोक्यातलं ज्ञान अचूकपणा न गमावता दोन हातांच्या बोटांवर उतरवणं हे अव्वल दर्जाचं विज्ञान आहे. त्याचा पडताळाही रीतसर घेतला गेला. गावच्या दाया, आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी न्यूमोनिया ओळखून कोट्रायमोक्साझोलसारखं साधं प्रतिजैविक देऊ लागले. त्यांनी उपचार केलेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी १३.५ टक्के गेली. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांच्या हातांनी ते घडलं त्यांतल्या कितीतरी जणींना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

आता भाषेचं. ‘तुमच्या मुलाला न्यूमोनिया झालाय का?’ असं खेड्यात विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. त्या घरात मुलाला न्यूमोनिया होतच नाही. त्याला डबा होतो, त्याचं पोट उडतं, त्याला धाप लागते. माझ्या आजीच्या तोंडीही ‘पोराला डबा झालाय’ हेच वाक्य असायचं, आणि ते उच्चारताना तिचा चेहरा उतरायचा. आजार तिनं बरोबर ओळखलेला असे, आपल्या पुस्तकातलं नाव तेवढं तिला ठाऊक नसे. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला की तापवलेल्या विळ्यानं पोटावर चटके द्यायची रीत आहे. तिला ‘डम्मा’ म्हणतात. दरवर्षी वर्तमानपत्रांत बातमी येते, ‘अघोरी प्रथा’ असा मथळा पडतो आणि भगताच्या नावानं बोटं मोडली जातात. चटके देणं भयंकर आहे, यात वाद नाही. पण बाळ गंभीर आहे हे त्या घराला कळलं होतं आणि काहीतरी तातडीनं करायला हवं हेही कळलं होतं. मग तिथवर भगत पोहोचतो आणि औषधाची बाटली पोहोचत नाही, याचा जाब कुणी द्यायचा?

वेल्समधल्या ग्लिनकॉर्ग या कोळसा-खाणींच्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे सर्वाधिक, तिथे ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, असं त्यांचं म्हणणं. याला त्यांनी ‘व्यस्त सेवेचा नियम’ म्हटलं. सेवा जितकी बाजाराच्या हाती जाईल तितका हा नियम अधिक कडकपणे लागू होतो, हेही त्यांनी सांगून ठेवलं. इंग्लंड-वेल्समध्ये तेव्हा सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन वीस वर्षं उलटली होती, तरीही त्यांना हे दिसत होतं. आपल्याकडे हा नियम पडताळायला नकाशासुद्धा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या एका रस्त्यावर चालत जावं आणि डॉक्टरांच्या पाट्या मोजाव्यात, मग गडचिरोलीतल्या भामरागडला जावं.

सरकारी कागदांत हे विषम वाटप दुरुस्त करायची सोय आहे, ती नाही असं नव्हे. मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी आणि डोंगरी भागात वीस हजारांमागे एक. उपकेंद्रांसाठी हेच आकडे पाच हजार आणि तीन हजार. ज्याला पोहोचायला जास्त कष्ट त्याला सेवा जास्त, म्हणजे समान वाटपापेक्षा न्याय्य वाटप, हा विचार त्यात आहे. पण या वीस हजारांच्या आकड्याला पाऊस माहीत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, हे गडचिरोलीत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. पालघरच्या एखाद्या पाड्यावरून गर्भार बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेल्याची बातमी पावसाळ्यात हमखास येते. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यावर उभी असते. मधले चार किलोमीटर कुणाचेच नसतात.

आणि रस्ता झाला म्हणजे अंतर संपलं असंही नाही. सरकारी दवाखान्यांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात मोफत झाले, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. चांगली गोष्ट. देशभरातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, हेही खरं. पण दवाखान्यात जायचं म्हणून बुडवलेली रोजी या हिशेबात येत नाही. सोबत आलेल्या नवऱ्याची किंवा सासूची बुडलेली रोजी तर कुणीच धरत नाही. त्यातून औषधाच्या पाकिटावर ‘१-०-१’ असं लिहून मिळतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे शहरातल्या माणसाला सवयीनं उमगतं. म्हातारीला ते कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत पाकीट फळीवर पडून राहतं.

भीतीचं अंतर तर याहून मोठं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या आदिवासींना विचारलं की दवाखान्यात का येत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीत वाट चुकते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि पांढरं कापड आमच्यात मेलेल्या माणसावर घालतात. नातेवाइकांना बाहेर काढतात, आजारी माणूस एकटाच आत. म्हणून शोधग्राम या ‘सर्च’च्या आवारातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, घरची माणसं रोग्याजवळ राहू शकतील असा. नाव देवीचं दिलं गेलं, माँ दंतेश्वरी. लोकांच्या लेखी तिथला कारभार देवीचा आहे.

बायकांचं दुखणं तर या सगळ्या अंतरांच्याही पलीकडे दडलेलं होतं. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं तोवर ‘खेड्यातल्या बाईचं आरोग्य’ म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढंच सरकारदरबारी समजलं जाई. बायका तक्रार करत नाहीत म्हणजे तक्रार नाही, असा सोयीचा अर्थ काढलेला होता.

ट्यूडर हार्ट यांचा लेख आला त्याच्या आदल्या वर्षी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य जामखेडला आलं होतं. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. कायम दुष्काळी मुलूख. दोघेही वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतलेले. त्यांची पहिली योजना फसली, आणि ती का फसली हे समजून घेण्यासारखं आहे. प्रशिक्षित परिचारिका गावोगावी ठेवायच्या असं ठरलं होतं. पण परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला सुरक्षित वाटेना, आणि गावातल्या बायकाही कालच्या पोरीचं ऐकेनात. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असा मार्ग निघाला. निवडलेल्यांतल्या कितीतरी दलित होत्या, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या आणि गावी परत जायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवल्या, एका छताखाली झोपल्या. १९७० च्या दशकात नगर जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हती. माझ्या मते तिथे शिकवल्या गेलेल्या कुठल्याही वैद्यकीय धड्याइतकाच तो महत्त्वाचा धडा होता.

१९७२ चा दुष्काळ आला. गावागावांत बोअर घ्यायची वेळ आली. आरोळ्यांनी आग्रह धरला की बोअर दलित वस्तीत घ्यायचं. हंडा भरायचा असेल तर पाटलाच्या घरच्यांनाही तिथेच यावं लागणार. अस्पृश्यतेवर भाषण न देता पाण्याच्या जागेनं गावाची चाल बदलली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या कुठल्याही विषयात बोअर कुठे खणायचं हे शिकवत नाहीत. पण जुलाबानं मरणाऱ्या मुलाचा आणि विहिरीवर चढू न दिलेल्या आईचा संबंध ज्याला दिसतो, त्याला आरोग्यातली समता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जुलाबाचा विषय निघालाच आहे तर १९७१ मधलीच आणखी एक गोष्ट. बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून पिंपं भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला. त्याआधी हे द्रावण प्रयोगात यशस्वी झालेलं होतं. पण शिकल्या-सवरल्या हातांशिवाय, छावणीच्या चिखलात ते चालेल यावर फार कुणाचा विश्वास नव्हता. आज ओआरएसची पुडी सगळ्यांना माहीत आहे. घरात पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा, आणि मिठाचं माप वाढवायचं नाही.

जामखेडच्या बायका हीच माहिती घराघरांत सांगत होत्या. मुलांचं वजन करत होत्या, लसी टोचून घ्यायला लावत होत्या, बाळंतपणं स्वच्छ हातांनी करत होत्या. कामाला सुरुवात झाली तेव्हा त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत जात होती. देशाचा आकडा तेव्हा १२९ होता. पंचवीस वर्षांनी जामखेडच्या गावांत तो तीसच्या खाली आला, देश तेव्हा अजून सत्तरच्या घरात होता. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. इसवी सन २००० ची मुदत घातली होती. ती टळून आता पाव शतक होतंय.

एक दुखणं मात्र जामखेडनंतरही बराच काळ कुणाच्या आवाक्यात येत नव्हतं, ते म्हणजे नवजात बाळाचं. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतलं मरण. आपल्याकडे बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, दारावर पडदा, सव्वा महिना बाहेर काढायचं नाही. कित्येक घरांत पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा. अशा घराला ‘बाळ आजारी पडलं तर जिल्ह्याच्या रुग्णालयात न्या’ हा सल्ला देऊन उपयोग काय? ते नेत नाहीत. बंग दाम्पत्यानं उलटा विचार केला. बाळ रुग्णालयात येत नाही तर रुग्णालय त्या अंधाऱ्या खोलीत न्यायचं. १९९३ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत काम सुरू झालं. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्यानं श्वास द्यायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, आईचं दूध सुरू करून द्यायचं. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, पालक रुग्णालयात जायला तयार नसले, तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं.

या शेवटच्या वाक्यानं वैद्यकीय जगाच्या भुवया उंचावल्या. सातवी-आठवी शिकलेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार? उत्तर १९९९ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मधूनच आलं. शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर नेला. आशाताईनं, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेनं, पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी जायचं, बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा वेळा आणि घरी झालं असेल तर सात वेळा. इंजेक्शन मात्र आशाच्या पिशवीत आलं नाही. सावधगिरी म्हणून हे समजू शकतं. पण ज्या पाड्यावरून पावसाळ्यात झोळीशिवाय बाहेर पडता येत नाही, तिथल्या बाळाच्या बाबतीत ही सावधगिरी नेमकी कुणाचं रक्षण करते, हा प्रश्न विचारायला हवा.

आशा ही योजना १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार लोकांमागे एक, आदिवासी भागात वस्तीमागे एक, आणि ती त्याच गावची असली पाहिजे. जामखेड आणि गडचिरोलीची ही सरळ लेक. महाराष्ट्रात आज अशा सुमारे सत्तर हजार जणी आहेत. गर्भार बाईची नोंद, बाळाचं लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, हिवतापाचा रक्तनमुना आणि अलीकडे मोबाइलवर भरायची माहिती. करोनात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणून दारोदार जाऊन तापमान आणि ऑक्सिजन मोजणारीही तीच होती. तेव्हा काही सोसायट्यांची फाटकं तिच्यासाठी उघडत नव्हती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. त्यानंतरच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या.

सोपं केलेलं ज्ञान स्वस्तात मिळतं, असा काहीतरी गैरसमज आपल्या व्यवस्थेनं करून घेतला आहे. जामखेडला दर आठवड्याला प्रशिक्षण होतं, वर्षानुवर्षं होतं. गडचिरोलीत आरोग्यदूताच्या प्रत्येक नोंदीची पडताळणी होत होती, तिला अडलं तर विचारायला माणूस होता. मण्यांचं ते उपकरण चाललं ते त्याच्यामागे उभ्या असलेल्या डॉक्टरांमुळे आणि वेळेवर पोहोचणाऱ्या औषधामुळे. देशभर नेताना मणी उचलले गेले, मागची माणसं कमी केली गेली. आशाला चार दिवसांचं प्रशिक्षण आणि चाळीस रकान्यांची नोंदवही मिळाली तर जामखेड पुन्हा घडेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

बेचाळीस दिवसांतल्या त्या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाला अडीचशे रुपये मोबदला, असा दर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ठरला होता. भेट राहिली तर रक्कम अडकते. पगार तिला नाही, कारण सरकारी कागदावर ती आजही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे.